बॉस्टनचे फेनवे पार्क

बॉस्टन हे नाव आपल्याकडील वाचकांस बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. १७७३ साली तेथील बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात लोटण्यात आल्या, हे एक. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात याच शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या बळावर १८८९ साली मुंबईस शारदा सदन उघडले. पण खुद्द बॉस्टनकरास ‘तुमच्या गावात काय पाहावे?’ असे विचारा. तो चहाचे नाव काढील, हार्वर्डचे काढील, आणि मग किंचित थांबून म्हणेल, ‘संध्याकाळी सामना असेल तर फेनवे पार्कला जा.’

फेनवे पार्क हे बेसबॉलचे क्रीडांगण. ते १९१२ साली उघडले, आणि अमेरिकेतील पहिल्या दर्जाचे व्यावसायिक संघ आज ज्या क्रीडांगणांवर खेळतात त्या सर्वांत तेच वयाने वडील. ‘फेन’ म्हणजे दलदल. रमाबाई अमेरिकेत होत्या त्या सुमारास या भागात खाडीचा चिखल आणि लव्हाळी होती, आणि फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा थोर उद्यानशिल्पी त्या दलदलीला वळण लावून तिचे उपवन करण्याच्या उद्योगात होता. भराव पडला, रस्ते आखले गेले, आणि या नव्या जमिनीच्या एका वेड्यावाकड्या तुकड्यावर जॉन टेलर या संघमालकाने आपल्या ‘रेड सॉक्स’ संघासाठी विटांची वास्तू उभारली. आजूबाजूचे रस्ते आधीच ठरलेले होते. मैदानाला हवा तसा आकार देणे शक्य नव्हते. रस्त्यांनी दिला तो आकार मैदानाने मुकाट्याने घेतला. पुढचा सारा इतिहास या एका अडचणीतून निघालेला आहे.

मुहूर्तही काही शुभ म्हणावा असा नव्हता. पावसाने दोन दिवस खोळंबा केला, आणि अखेर २० एप्रिल १९१२ रोजी पहिला अधिकृत सामना झाला. त्याच्या पाचच दिवस आधी टायटॅनिक बुडाली होती. वर्तमानपत्रांच्या पानांवर मृतांच्या याद्या होत्या. बॉस्टनच्या संघाने न्यूयॉर्कच्या संघास अकरा डावांच्या झुंजीनंतर ७ विरुद्ध ६ असे हरविले. ही आनंदाची वार्ता त्या दुःखाच्या गर्दीत कोठल्या कोठे विरून गेली असेल.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्रिकेटचे ज्ञान येथे उपयोगी पडते, तसेच ते चकवितेही. मैदानाच्या एका कोपऱ्यात फलंदाज उभा राहतो. त्याच्यासमोर साठ फूट सहा इंचांवरून पिचर चेंडू फेकतो, तो टप्पा न घेता येतो. चार ठाण्यांचा एक चौकोन असतो, प्रत्येक बाजू नव्वद फुटांची. फलंदाजाने चेंडू टोलवून क्रमाने ती ठाणी गाठीत मूळ ठिकाणी परत आले की एक धाव. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. क्रिकेटमध्ये फलंदाज चोहोबाजूंस फटका मारू शकतो. येथे मात्र दोन रेषांमधला पाव वर्तुळाएवढा भाग तेवढा ग्राह्य, त्याबाहेर गेलेला चेंडू ‘फाउल’. आणि बाहेरच्या कुंपणाचे अंतर मात्र नियमाने सर्वत्र सारखे असावे असा दंडक नाही. प्रत्येक गावचे मैदान निराळे. या स्वातंत्र्यामुळेच फेनवे पार्कचे वेडेवाकडेपण खेळात खपून गेले. इतकेच नव्हे, तर तो त्याचा दागिना ठरला.

पाहुणा बहुधा भुयारी रेल्वेने येतो. केनमोर स्थानकावर उतरावे, गर्दीबरोबर चालू लागावे, एक पूल ओलांडावा. क्रीडांगण दिसत नाही. दिसते ती लाल विटांची, एखाद्या जुन्या गिरणीसारखी भिंत, आणि तिच्यापाशी भाजक्या सॉसेजांचा वास. जर्सी स्ट्रीट नावाचा रस्ता सामन्याच्या दिवशी वाहनांस बंद असतो. आत शिरल्यावर सज्जाखालचा बोळ अंधारा आणि ओलसर. मग एक चढण, आणि चढणीच्या टोकाशी एकाएकी गवताची एवढी हिरवीगार चादर पसरते की डोळे क्षणभर दिपतात. गाभाऱ्यातून बाहेर येताना आपणांस जे होते त्याच्या हे उलट आहे, पण जात तीच.

बसण्याची सोय म्हणाल, तर ती सोय नव्हेच. सज्जाच्या छपराखालील लाकडी खुर्च्या १९३४ सालच्या आहेत. त्या काळचे अमेरिकन आजच्याहून सडपातळ असले पाहिजेत, कारण गुडघे पुढच्याच्या पाठीला लागल्यावाचून कोणास बसता येत नाही. छपराला आधार देणारे लोखंडी खांब मध्येच उभे आहेत. काही तिकिटांवर दृष्टीस अडथळा असल्याचे स्पष्ट छापलेले असते, आणि तीही तिकिटे खपतात. खांबामागे बसलेला मनुष्य सारी संध्याकाळ मान कधी डावीकडे कधी उजवीकडे करीत असतो. काही खुर्च्यांचे तोंड तर भलतीकडेच आहे. एकंदरीत सदतीस हजारांच्या आसपास माणसे येथे मावतात. अमेरिकेच्या हिशेबाने हे थोडेच.

पण नजर जाते ती डाव्या हाताच्या भिंतीकडे. त्या बाजूस लॅन्सडाउन स्ट्रीट अगदी अंगाला भिडलेला. मैदानाला मागे सरकावयास जागा नाही, म्हणून कुंपण वर गेले. पहिल्यावहिल्या लाकडी भिंतीच्या पायथ्याशी मातीचा दहा फूट उंच चढ होता. डफी लुईस नावाचा क्षेत्ररक्षक त्या चढावर इतक्या सहजतेने पळत जाऊन झेल घेई, की त्या उतरणीला ‘डफीचा कडा’ असे नाव पडले. १९३३ साली टॉम यॉकी या तरुण धनिकाने संघ विकत घेतला, आणि पुढच्या वर्षी क्रीडांगण जवळजवळ नव्याने बांधले. चढ खणून सपाट केला आणि सदतीस फूट उंचीची भिंत उभी राहिली. तिच्यावर प्रारंभी जाहिराती होत्या. १९४७ साली त्या पुसून सबंध भिंतीस हिरवा रंग दिला. लोक तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात, म्हणजे हिरवा राक्षस.

या राक्षसाची नीती चमत्कारिक आहे. तो फलंदाजापासून डाव्या रेषेवर अवघ्या ३१० फुटांवर उभा आहे. दुसऱ्या कोणत्याही मैदानात सहज झेलला जाईल असा उंच, सुस्त फटका येथे भिंतीपलीकडे पडून ‘होम रन’ होतो. आणि बंदुकीच्या गोळीसारखा सरळ गेलेला फटका, जो अन्यत्र कुंपण पार करता, तो येथे भिंतीवर आदळून खाली येतो. गुणाला शिक्षा आणि मध्यमाला बक्षीस. १९७८ च्या २ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यँकीजशी निर्णायक सामना होता. बकी डेंट या फलंदाजाचे नाव होम रनसाठी कधीच घेतले जात नसे. त्याचा एक फटका भिंतीवरून गेला, तीन धावा झाल्या आणि बॉस्टनने ५ विरुद्ध ४ असा सामना गमावला. भिंत आपल्या घरच्यांचीही भीड ठेवीत नाही. तिच्यावरून उसळणारा चेंडू कोठे जाईल हे ओळखणे ही तर येथील डाव्या क्षेत्ररक्षकाची स्वतंत्र विद्या. टेड विल्यम्सने ती साधली, आणि त्याच्यामागून १९६१ ते १९८३ अशी तेवीस वर्षे कार्ल यास्ट्रेम्स्कीने.

भिंतीच्या पायाशी गुणफलक आहे. त्याचे आकडे आजही माणसे हातांनी बदलतात. आतल्या चिंचोळ्या खोलीत बसलेली ती माणसे फटींतून सामना पाहतात. फलकावरील उभ्या पांढऱ्या रेघांमध्ये काही टिंबे आणि रेघोट्या दिसतील. ती तारयंत्राची लिपी आहे. यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांच्या नावांची आद्याक्षरे तीत लिहिली आहेत. सामना पाहावयास आलेल्यांपैकी फार थोड्यांच्या ती लक्षात येतात.

या मैदानाची एक कर्जकथाही आहे. बेब रूथ हा बेसबॉलचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष. त्याने आपल्या पहिल्या दर्जाच्या खेळास प्रारंभ केला तो १९१४ साली येथेच, आणि तोही पिचर म्हणून. १९१९ च्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी याने त्याला न्यूयॉर्कच्या संघास एक लाख डॉलरांना विकले. हे सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असे, की त्याच व्यवहारात न्यूयॉर्कच्या मालकाने फ्रेझीला तीन लाख डॉलरांचे कर्ज दिले, आणि त्यासाठी फेनवे पार्क गहाण पडले. म्हणजे हिरा शत्रूला विकला तो विकला, आणि वर घराचे कागदही त्याच्याच तिजोरीत! १९१८ साली अजिंक्यपद मिळविलेल्या बॉस्टनला ते पुन्हा मिळाले २००४ मध्ये. मधल्या शहाऐंशी वर्षांच्या अपयशाला लोकांनी रूथचा शाप म्हटले. शापाची कथा सांगावयास सोपी. पण त्या दीर्घ काळात संघमालकांनी आपल्या हातांनी काय नाकारले, हे पाहिले तर शापाचा आश्रय घेण्याची गरज उरत नाही.

तिकडे वळण्यापूर्वी हे नमूद केले पाहिजे की हे मैदान केवळ खेळाचे नव्हते. ते शहराचे सभास्थान होते. २९ जून १९१९ रोजी आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा कैवारी एमन डी व्हॅलेरा येथे बोलला, आणि बॉस्टनच्या आयरिश वस्तीने मैदान ओसंडून भरले. तोच जून, तेच साल, जेव्हा आपल्याकडे जालियनवाला बागेच्या जखमा ओल्या होत्या. १९४४ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निवडणुकीच्या मोहिमेतील अखेरचे मोठे भाषणही येथेच झाले.

रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी निवर्तले. चार दिवसांनी, १६ एप्रिलच्या सकाळी, या रिकाम्या मैदानात तीन कृष्णवर्णीय तरुण उतरले. त्या काळी अमेरिकेच्या प्रमुख संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कोठेच नव्हता. अलिखित होता, आणि तो अधिक कडक होता. बॉस्टन नगरपरिषदेचे सदस्य इझाडोर मच्निक यांनी संघाला बजावले, की कृष्णवर्णीयांस संधी देणार नसाल तर रविवारी सामने खेळण्याचा परवाना मिळण्यास मी आडवा येईन. वेंडेल स्मिथ नावाच्या पत्रकाराने खेळाडू निवडून आणले: सॅम जेथ्रो, मार्विन विल्यम्स, आणि सैन्यात लेफ्टनंट राहिलेला सव्वीस वर्षांचा जॅकी रॉबिन्सन.

तिघांनी चेंडू झेलले, फेकले, टोलवले. रॉबिन्सन उजव्या हाताचा फलंदाज; त्याचे फटके त्या डाव्या भिंतीवर धडाधड आदळत होते असे सांगतात. सज्जातून कोणीतरी अपशब्द ओरडल्याचीही गोष्ट सांगण्यात येते. ती खरी असो वा नसो, पुढचे निश्चित आहे. त्यांच्याकडून माहितीचे कागद भरून घेतले, कळवू म्हणून सांगितले, आणि कधीच काही कळविले नाही. नकाराचे पत्रसुद्धा नाही. उमेदवारी केलेल्या कोणासही या मौनाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून खेळला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखेळाडू ठरला. जेथ्रोला तर १९५० साली बॉस्टनमधीलच दुसऱ्या संघाने, ‘ब्रेव्ह्ज’ने, घेतले. तोही आपल्या लीगमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखेळाडू झाला. फेनवे पार्कचे दार मात्र बंदच. एकामागून एक पंधरा संघांनी बंधन तोडले. सोळावा आणि शेवटचा होता रेड सॉक्स. आणि हे कोणत्या शहरात? ज्या शहरातून विल्यम लॉइड गॅरिसनने १८३१ साली ‘लिबरेटर’ पत्र काढून गुलामगिरीवर कडाडून हल्ला चढविला त्या शहरात. आपल्या पूर्वजांच्या पुण्याईवर निर्धास्त राहणाऱ्या गावांना असे होते.

१९५९ साली राज्याच्या भेदभाव-निवारण आयोगापुढे संघाला जाब द्यावा लागला. त्याच वर्षी २१ जुलैला शिकागो येथे पम्प्सी ग्रीन हा बॉस्टनचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात आला. ४ ऑगस्टला तो प्रथमच आपल्या घरच्या मैदानावर उतरला. बॉस्टनच्या डावातील पहिलाच फलंदाज तो. त्याने चेंडू उचलला तो थेट डाव्या भिंतीवर, आणि धावत तिसरे ठाणे गाठले. चौदा वर्षांपूर्वी रॉबिन्सनच्या फटक्यांचा आवाज जिने ऐकला होता तीच ही भिंत. ग्रीन काही रॉबिन्सनच्या तोडीचा खेळाडू नव्हता, आणि तसा तो असावयास हवा होता असे म्हणणे हाच एक अन्याय. साध्या, मध्यम गुणांच्या गोऱ्या खेळाडूंस जी जागा न मागता मिळे, ती त्याला मिळावी एवढाच प्रश्न होता.

मराठी वाचकास येथे पाळवणकर बाळू आठवल्यावाचून राहणार नाहीत. धारवाडास जन्मलेला हा चर्मकार समाजातील गोलंदाज १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेऊन आला. पण आपल्याच हिंदू सहकाऱ्यांच्या पंक्तीला त्यास जागा नव्हती, आणि चहा त्याला बाहेर, निराळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा बंधू विठ्ठल यास मिळाले. बॉस्टनकडे बोट दाखविताना हे आठवलेले बरे.

यॉकी यांच्या बाजूनेही बोलणारे आहेत. मुलांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मोठा पैसा दिला. तो आजही उपयोगी पडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही असे मला वाटते. १९७६ साली ते वारले, आणि पुढल्या वर्षी क्रीडांगणापुढील रस्त्याच्या एका भागास त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली संघाच्या नव्या मालकांच्याच विनंतीवरून शहराने ते काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केले. काहींना हे कृतघ्नपणाचे वाटले. परंतु रस्त्याचे नाव हा पुरस्कार असतो, इतिहासाची नोंद नव्हे. नोंद आहे तेथेच आहे.

क्रीडांगणच नाहीसे होण्याची वेळही आली होती. १९९९ च्या मे महिन्यात तेव्हाच्या चालकांनी जाहीर केले की शेजारीच नवे, मोठे फेनवे पार्क बांधावयाचे आणि जुन्याचा बहुतेक भाग पाडावयाचा. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. खुर्च्या अपुऱ्या, खांब आडवे, उत्पन्न कमी. अमेरिकेतील इतर गावांनी हेच केले होते. रॉबिन्सन ज्या एबेट्स फील्डवर खेळला ते १९६० साली पाडून तेथे घरे झाली. डेट्रॉइटचे टायगर स्टेडियम फेनवे पार्कच्याच दिवशी, २० एप्रिल १९१२ रोजी, उघडले होते. ते १९९९ साली बंद पडले आणि दहा वर्षांच्या आत जमीनदोस्त झाले. बॉस्टनमध्ये मात्र ‘सेव्ह फेनवे पार्क’ या नावाने नागरिक एकत्र आले. दुरुस्ती करून जुनेच कसे राखता येईल याचे आराखडे त्यांनी पुढे ठेवले. २००२ साली संघाची मालकी बदलली. नव्या मालकांनी जॅनेट मेरी स्मिथ या वास्तुविशारद बाईंकडे काम सोपविले. भिंतीच्या माथ्यावर पूर्वी चेंडू अडविण्याची जाळी होती, तेथे २००३ साली खुर्च्या बसल्या. आज त्या जागेसाठी लोक झुंबड करतात. २०१२ साली, शंभराव्या वर्षी, राष्ट्राच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत या वास्तूची नोंद झाली. पैशाचा हिशेब चुकला असे म्हणावयास मालकांना जागा उरली नाही, कारण २००४, २००७, २०१३ आणि २०१८ अशी चार अजिंक्यपदे या जुन्या घरात आली.

म्हणून येथे सामना पाहावयाचा तर थोडे आधी जावे. उजव्या अंगाच्या सज्जात वर एकटीच एक तांबडी खुर्ची दिसेल. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा फटका तेथवर गेला होता. खेळ आता पूर्वीइतका रेंगाळत नाही. २०२३ पासून पिचरच्या डोक्यावर घड्याळ आले आहे, आणि ठाणी मोकळी असताना पंधरा सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. सातव्या डावात लोक हातपाय मोकळे करावयास उठतात. आठव्यात ‘स्वीट कॅरोलाइन’ हे गाणे लागते, आणि संघ हरत असला तरी तीस-पस्तीस हजार माणसे ते एकसुराने, किंवा तसे वाटेल अशा बेताने, म्हणतात.

उजवीकडच्या छपराच्या कडेवर काही आकडे लावलेले आहेत. थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ जे क्रमांक पुन्हा कोणास द्यावयाचे नाहीत ते हे. ९ हा विल्यम्सचा, ८ हा यास्ट्रेम्स्कीचा. त्यांच्यातच ४२ आहे. तो रॉबिन्सनचा, १९९७ साली सर्वच संघांनी तो राखून ठेवला, म्हणून तो येथेही आला. पम्प्सी ग्रीन याला २००९ साली पन्नास वर्षांनिमित्त मानाचा पहिला चेंडू टाकण्यास बोलाविले होते. तो २०१९ च्या जुलैत वारला. तो चेंडू टाकावयास उभा राहिला तेव्हा ती हिरवी भिंत तेथेच होती, आणि गुणफलकावर टिंबे आणि रेघोट्या होत्या, जशा आजही आहेत.